रास्पबेरी पायचा टीव्ही रेकॉर्डर: दहा महिने आणि एक नसलेले घड्याळ

ब्रिटनमधील लेस्टर शहरातल्या आमच्या घरी रास्पबेरी पाय 4 हा छोटा संगणक, त्यावर बसवलेला टीव्ही हॅट (अँटेनाचे सिग्नल पकडणाऱ्या ट्यूनरचा बोर्ड), जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क आणि टीव्हीहेडएंड हा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम एवढ्या सामग्रीवर फ्रीव्ह्यूचे, म्हणजे अँटेनावर मोफत दिसणाऱ्या वाहिन्यांचे, रेकॉर्डिंग दहा महिने सुरू आहे. ट्यूनर एकच असला, तरी बीबीसी वन, आयटीव्ही वन आणि चॅनल 4 यांच्या एचडी वाहिन्या एकाच मल्टिप्लेक्सवर (अनेक वाहिन्या एकत्र वाहून आणणाऱ्या एका प्रसारण-लहरीवर) असल्याने त्या एकदम रेकॉर्ड होतात, आणि आलेला प्रवाह जसाच्या तसा डिस्कवर उतरत असल्याने प्रोसेसरवर फारसा भार पडत नाही. टीव्ही परवाना (2025-26 मध्ये 174.50 पौंड) भरतोच आहोत, तर महिन्याच्या हप्त्याचा वेगळा बॉक्स कशाला, हा माझा हिशेब होता.

तो 4 ऑगस्ट 2025 रोजी फिसकटला. ओव्हल कसोटी भारताने 6 धावांनी जिंकली त्या दिवशी मी कामावर होतो आणि संध्याकाळची क्षणचित्रे रेकॉर्डिंगला लावली होती. दुपारी इस्त्रीमुळे घराचा मेन स्विच ट्रिप झाला. वीज आली, पण इंटरनेट रात्रीपर्यंत आले नाही. या पायमध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळच नाही. तो दर तासाला मेमरी कार्डावर नोंदवलेली वेळ वीज आल्यावर खरी धरतो आणि नेटवरून दुरुस्ती होण्याची वाट पाहतो. आमचा पाय सव्वा तास मागे राहिला. फाइलचे नाव क्रिकेटचे आणि आत कोणाच्या तरी स्वयंपाकघराचे नूतनीकरण, तेही पूर्ण एक तास!

आठवडाभर मी पायलाच दोष देत होतो. नंतर कळले की प्रक्षेपणातही वेळ येत असते आणि तीवरून घड्याळ लावण्याची सोय टीव्हीहेडएंडमध्ये आहे. मी ती कधी उघडलीच नव्हती, म्हणजे निम्मी चूक माझी. परंतु त्यासाठी या प्रोग्रामला रूटचे, म्हणजे संगणकावरचे सर्व, अधिकार द्यावे लागतात, ते मला नको होते.

अखेर मील डीलच्या (दुकानातल्या तयार जेवणाच्या) किमतीत डीएस3231 हे बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळाचे मॉड्यूल घेतले. हॅटने वरच्या पिना अडवल्यामुळे बोर्ड उलटा करून खालून चार बारीक तारा सोल्डर केल्या. वीज मुद्दाम 3.3 व्होल्टच्या पिनेवरून घेतली, कारण यांतील अनेक स्वस्त मॉड्यूल 5 व्होल्टवर चार्ज न करायच्या साध्या बटण सेललाही चार्ज करू पाहतात. त्यानंतर राउटर बंद ठेवून मेन दोनदा पाडला. वेळ हलली नाही. पाय 5 मध्ये घड्याळ बोर्डावरच आहे, असे वाचून क्षणभर मोह झाला, पण त्याची बॅटरी वेगळी विकत घ्यावी लागते.