कॅलिपर काढून काट्यावर चढवलं आणि ३१,५८९ रुपये काढले

आधी आकडे लिहितो, म्हणजे मी फुगवून सांगतोय असं कुणाला वाटायला नको. वजन उतरवण्याच्या शिबिराची फी ९९ रुपये. 'ट्रायल किट' २,४०० रुपये. पूर्ण पॅकेज २८,५०० रुपये, त्यातले ८,५०० यूपीआयने आणि २०,००० महिन्याच्या हप्त्यांनी. वर प्रोसेसिंग फी म्हणून ५९०. एकूण ३१,५८९. एवढ्या पैशात माझ्या दुकानात दुसरी जुनी झेरॉक्स मशीन येऊन बसली असती.

बेळगावच्या शहापुरात माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. लहानपणी पोलिओ झाला. डाव्या पायाला मांडीपासून कॅलिपर, म्हणजे लोखंड-चामड्याचा आधार, आणि हाताखाली कुबडी. कुणी हळहळावं म्हणून हे सांगत नाही. सगळी फसवणूक या कॅलिपरवरच उभी होती, म्हणून सांगावं लागतं.

एवढी वर्षं कुबडीवर भार टाकून खांदा कामातून गेला. डॉक्टर म्हणाले, चालणं कमी करा, खांद्याला आराम द्या. चालणं कमी केलं आणि वजन वाढलं. कॅलिपरचा मांडीवरचा पट्टा रुतायला लागला, कातडी सोलून निघाली. परत डॉक्टरांकडे गेलो, तर तेच डॉक्टर म्हणतात, वजन कमी करा. कसं? "जरा हालचाल वाढवा." आता यावर माणसाने काय बोलायचं? जिमवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "काका, ट्रेडमिल जमेल का?" घरच्यांपासून गिऱ्हाइकांपर्यंत ज्याला त्याला सल्ला एकच, सकाळी उठून चाला.

या असल्या माणसांची वाट बघत ही टोळी बसलेली असते. पेपरातून पत्रक आलं: व्यायाम नाही, उपाशी राहणं नाही, गुडघेदुखी, पाठदुखी, अपंगत्व असणाऱ्यांसाठी खास. मंगल कार्यालयात शिबिर, फी फक्त ९९. औषधाने लठ्ठपणा बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या जादूटोणा औषध जाहिरात कायद्याने बंदी आहे, त्या यादीत लठ्ठपणा आहे. म्हणून कागदावर 'औषध' हा शब्द कुठेच नसतो. कागदावर 'न्यूट्रिशन', आणि तोंडाने मात्र साखर, थायरॉइड, गुडघे सगळं बरं होणार. पत्रकात 'अपंगत्व' शब्द दिसला की आधी खिशावर हात ठेवा.

मला शिबिराला नेलं ते आमच्याच गल्लीतल्या पोराने. "मामा, एकदा येऊन तर बघा की. भात खा, कुंदा खा, काही सोडायचं नाही." नंतर कळलं, त्याला माणसामागे १,५०० रुपये कमिशन होतं. विचारायला गेलो तर म्हणतो, "मामा, मलापण फसवलंय त्यांनी." असेलही. माझ्या डोक्यावरचे १,५०० त्याने परत केलेले नाहीत.

आता ज्या क्षणासाठी हे लिहायला बसलो तो सांगतो. तो आठवला की आजही झोप उडते.

शिबिरात गर्दी होती. वजन करायला माझा नंबर आला, मी खाली बसून कॅलिपर काढायला लागलो. तिथली मुलगी लगबगीने म्हणाली, "राहू दे काका, असेच उभे राहा, तुम्हाला त्रास नको." काय सांगू, मला बरं वाटलं! सरकारी दवाखान्यात कधी कुणी एवढ्या मायेने बोललं नव्हतं. कॅलिपर, बुटासकट काट्यावर उभा राहिलो. ८६ किलो ९०० ग्रॅम. तिने कार्डावर लिहिलं.

आठवडाभर ट्रायल किटची पावडर घेतली आणि त्यांच्या केंद्रावर गेलो. तिथे कमरेला थरथरणारा पट्टा बांधून झोपवतात. त्या 'थेरपी'साठी कॅलिपर काढायला लावलं. पट्टा सुटला आणि लगेच तिथेच, "चला काका, वजन बघूया." मी म्हटलं, कॅलिपर घालू दे, मला असं उभं राहता येत नाही. "टेबलाला धरा ना, एक मिनिटाचं तर काम." टेबलाला हात टेकून एका पायावर उभा राहिलो. ८३ किलो ७००. आठवड्यात ३ किलो २०० ग्रॅम कमी! आजूबाजूच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई तर डोळे पुसत होती. आता वाटतं, ती रोजच पुसत असणार.

कॅलिपर समोर खुर्चीवर पडलेला. मला तो दिसत होता. लोखंड, चामडं, वरून बूट, पंचेचाळीस वर्षं जे ओझं ओढतोय त्याचं वजन मला कुणी सांगायला पाहिजे होतं का? तरी डोक्यात आलं नाही. येणार कसं? ज्याला आयुष्यभर 'तुम्हाला नाही जमणार' एवढंच ऐकवलं, त्याच्यासाठी दहा माणसं टाळ्या वाजवत असतील तर तो टाळ्या ऐकणार की वजाबाकी करणार? त्याच टाळ्यांत माझ्याकडून २८,५०० चं पॅकेज वदवून घेतलं. ते लोक एका पायावर उभ्या माणसाला विचार करायला वेळ देत नाहीत, खुर्ची देण्याआधी क्यूआर कोड देतात. ८,५०० रुपये स्कॅन करून भरले. स्क्रीनवर नाव आलं ते कुठल्या तरी एका माणसाचं, केंद्राचं नाही. दुकानाची पाटी एक आणि यूपीआयवरचं नाव दुसरं असेल तर पैसे टाकू नका.

उरलेल्या २०,००० साठी म्हणाले, महिन्याला २,००० द्या, नको वाटलं तर मध्येच बंद करा. 'सवलत मंजूर करायला' ओटीपी मागितला. ती सवलत नव्हती, माझ्या नावावर फायनान्स कंपनीचं कर्ज होतं. पैसे केंद्राला एकरकमी मिळाले आणि हप्ते माझ्या खात्यातून सुरू झाले. केंद्र बंद पडो की जळो, हप्ता चालूच. थांबवला तर सिबिल खराब. ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचा, त्यात कर्जाचा शब्द असतो. मी रोज चार लोकांचे ओटीपी दुकानात बघतो आणि त्यांना हेच सांगतो. त्या दिवशी चष्मा कॅलिपरशेजारी खुर्चीवर होता.

पॅकेजमधल्या कॅप्सूल सुरू केल्यावर छातीत धडधड, तोंड कोरडं, रात्र रात्र झोप नाही. पावडरीने तर वेगळीच गंमत. डब्यावर बारीक अक्षरात सोनामुखी लिहिलेली आहे, म्हणजे सरळ जुलाबाची वनस्पती. अंगातलं पाणी जातं, काटा खाली येतो, दोन तांबे पाणी प्यालं की परत वर. धडधाकट माणूस मध्यरात्री उठून पळत जातो. मला आधी कॅलिपर चढवावा लागतो. पुढचं लिहीत नाही.

फॅमिली डॉक्टरांनी बीपी बघितलं, १६०/१००. आधी मला बीपी नव्हतं. त्यांनी बाटली उलटीसुलटी करून बघितली. बॅच नंबर नाही, परवाना नाही, अन्नपदार्थावर असतो तो एफएसएसएआयचा १४ आकडी नंबरही नाही. म्हणाले, ताबडतोब बंद. वजन उतरवणाऱ्या 'हर्बल' गोळ्यांत सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध मिसळलेलं सापडतं, नाडी आणि रक्तदाब वाढवतं, आपल्याकडे २०११ पासून त्यावर बंदी आहे. १४ आकडे असले तरी ते एफएसएसएआयच्या साइटवर टाकून बघा, नुसते छापायला काय लागतं?

कॅलिपरचा उलगडा रविवार पेठेत झाला. पट्टा बदलून कॅलिपर पिशवीत घेऊन येत होतो, तांदूळ घ्यायला ओळखीच्या व्यापाऱ्याकडे थांबलो. त्याच्या पोराने माझी पिशवीच काट्यावर ठेवली. बूट आणि कॅलिपर मिळून २ किलो ९००. राहिले ३०० ग्रॅम, ते टेबलाला टेकलेल्या हाताचे. तिथेच कागदावर दुसरा हिशोब मांडला, जो मी आधी मांडायला हवा होता असं आता सगळे म्हणतात. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. ३ किलो २०० म्हणजे साडेचोवीस हजारांच्या वर. मी दिवसाला दोन हजार खातो असं धरलं तर आठवडाभर नुसत्या पाण्यावर राहिलो असतो तरी चौदा हजारच झाले असते. आणि मी तर कुंदा खात होतो.

केंद्रावर गेलो तर शटर खाली, पाटी काढलेली. घरमालक म्हणाला, तिकडं महाराष्ट्रात गेले.

पुढची कथा आपल्या सीमाभागातल्या माणसाला सांगायची गरज नाही, तरी सांगतो. पोलीस ठाण्याचं नाव घेत नाही. तक्रार घेणारे साहेब पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, रॅम्प नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, त्या जिन्याला अजून कुणी कळवलेलं दिसत नाही. कसाबसा वर गेलो. मराठीत लिहिलेला अर्ज न वाचताच परत केला. "कन्नडदल्ली बरकोंड बर्री." म्हणजे कन्नडमध्ये लिहून आणा. ठीक आहे. मी दुकानात जाऊन नुडी या कन्नड सॉफ्टवेअरवर टाइप केला, मी रोज लोकांना टाइप करून देतो तसा. परत जिना. आता साहेब म्हणाले, तुम्हाला माल मिळालाय, म्हणजे हा दिवाणी मामला. मी म्हटलं, माल नाही साहेब, विष मिळालंय. मग माझे पैसे गेले ते खातं बघितलं, बँकेची शाखा कोल्हापूर जिल्ह्यातली. "मग तिकडं जा." तिकडे गेलो तर, घटना कर्नाटकातली, तिकडंच द्या. १९५६ पासून दोन राज्यं आमच्यावरून भांडताहेत, २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा आहे, आणि ८,५०० रुपयांची तक्रार घ्यायची म्हटली तर आम्ही दोघांनाही नको!

त्यात एक शिपाई मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "तुम्हाला वजन कमी करून काय करायचंय?" सगळे हसले. साहेबही हसले.

हद्दीवरून तक्रार नाकारता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं, दखलपात्र गुन्हा कुठेही घडो, माहिती घ्यावीच लागते. १ जुलै २०२४ पासून हे लागू आहे. मी त्या कलमाची प्रिंट काढून घेऊन गेलो. ती टेबलावर चहाच्या कपाखाली गेली, पण पोच मिळाली. अन्नसुरक्षेच्या कार्यालयात बाटली दाखवली तर म्हणाले, उघडलेली बाटली चालत नाही, सीलबंद आणा. म्हणजे मी परत २,४०० भरून आणू? फायनान्सवाले तर फोनवर गाणं ऐकवतात. त्यांनी तीस दिवसांत उत्तर दिलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, ती केली आहे.

यूपीआयने पैसे गेले असतील तर पोलीस ठाण्याचा जिना चढण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, लगेच, त्याच तासाला. मला कळेपर्यंत खातं रिकामं झालं होतं. आणि तक्रार केली की एक गोड आवाजाचा फोन येतो: रिफंड विभागातून बोलतोय, १,७७० रुपये भरा, पूर्ण रक्कम परत. मलाही आला. त्या बाईला मी काय बोललो ते इथे छापता येणार नाही.

"काय गा, अक्कल कुठं गेली होती?" असं विचारणाऱ्यांना एकच सांगतो. मला खरा सल्ला फिजिओथेरपिस्टकडे मिळाला, तोही हे सगळं झाल्यावर, आणि शंभर रुपयांच्या केसपेपरवर. ती मॅडम म्हणाली, पोलिओ झालेल्या पायात स्नायू कमी, म्हणून तुमच्या अंगाला लागणाऱ्या कॅलरीच कमी, बाकीच्यांचा डाएट चार्ट तुमच्या कामाचा नाही. वजन मुख्यतः ताटातून उतरतं, चालण्याने नाही. भात अर्ध्यावर, चहातली साखर बंद, ताटात डाळ, उसळ, अंडं वाढवायचं. खुर्चीत बसून रबरी पट्ट्याने हातांचे व्यायाम, तेही खांदा दुखेल इतके नाहीत आणि दमून पडेल इतके तर अजिबात नाहीत. पोलिओच्या स्नायूंना अति केलं तर ते आणखी दुबळे होतात. वजन नेहमी त्याच काट्यावर, बसून, कॅलिपर बाजूला ठेवून. महिन्याला किलोभर उतरलं तरी पुष्कळ. गुडघा शाबूत असलेल्यांनाही सांगते म्हणाली, एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो. हे पाच मिनिटांचं बोलणं त्या पहिल्या डॉक्टरांनी केलं असतं तर मी मंगल कार्यालयाची पायरी चढलोच नसतो.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतोय. तुम्हीही टाका. कंपनी कुठलीही असो, २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, मुदत दोन वर्षं. काही अडलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर विचारा. डबे, बाटल्या, कार्ड फेकू नका. वडगाव, अनगोळ, खानापूर, निपाणी, कुठेही हेच पत्रक आलं असेल आणि तुमच्याकडे ८६-८३ असं हाताने लिहिलेलं वजनाचं कार्ड असेल तर त्याची झेरॉक्स काढून ठेवा. माझ्या दुकानात आलात तर पैसे घेणार नाही. सगळ्यांची तक्रार एकत्र टाकता येते, आणि माझा पुढचा हप्ता ५ तारखेला कापला जाणार आहे.