पक्क्या बिलावर विकलेला खोटा मायक्रोफोन

घरच्या घरी गिटार रेकॉर्ड करू पाहणाऱ्या पुण्यातल्या प्रत्येकाने हे वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. दहा हजार रुपयांच्या आतबाहेर चांगला मायक्रोफोन शोधणाऱ्या माणसाच्या गळ्यात नामांकित मॉडेलची हुबेहूब नक्कल मारली जाते. ती नक्कल खपते आणि पचतेही, कारण आवाज खराब आला की नवखा माणूस मायक्रोफोनवर संशय घेत नाही. तो आपली खोली, आपली केबल आणि आपली बोटे तपासत बसतो. विकणाऱ्याला हे पुरते ठाऊक असते. माझी फसवणूक याच वाटेने झाली, म्हणून ती तपशीलवार सांगते.

मी पोलादी तारांची अकॉस्टिक गिटार वाजवते आणि भावगीतांना साथ करते. आमचे घर कर्वेनगरमध्ये अगदी रस्त्यालगत आहे, त्यामुळे दिवसभर पीएमपीच्या बसगाड्या आणि रिक्षा यांचा आवाज खिडकीतून येत राहतो. मायक्रोफोन संगणकाला जोडणारा इंटरफेस घरात होताच, प्रश्न फक्त मायक्रोफोनचा होता आणि निवड शेवटी दोन जातींवर येऊन थांबली. एक ऑडिओ-टेक्निकाच्या एटी२०२०सारखा कंडेन्सर, ज्याला इंटरफेसमधून ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच जाणारी वीज, द्यावी लागते आणि जो तारेवरून सरकणाऱ्या बोटाचे किंचित घासणेही टिपतो. दुसरा शुअरचा एसएम५७, म्हणजे १९६५पासून बाजारात असलेला, वीज न लागणारा, दणकट डायनॅमिक मायक्रोफोन. सारख्याच मोठ्या आवाजाला एटी२०२० सुमारे १४ मिलिव्होल्ट देतो, तर एसएम५७ जेमतेम दीड मिलिव्होल्टच्या आसपास. हा फरक लक्षात ठेवावा, कारण पुढे मला गप्प करण्यासाठी त्याचाच वापर झाला.

रस्त्यालगतच्या खोलीत डायनॅमिक बरा, असा सल्ला मला अनेकांनी दिला. डायनॅमिक मायक्रोफोन काही बसचा आवाज ओळखून वगळत नाही. तो वाद्याच्या अगदी जवळ ठेवला जातो, म्हणून वाद्य मोठे आणि खोली लहान ऐकू येते, इतकेच त्या सल्ल्यात तथ्य आहे. तरीही माझ्या गरजेला ते पुरेसे होते आणि मी एसएम५७ घ्यायचे ठरवले.

बुधवार पेठेतल्या एका गल्लीत, जिना चढून वर असलेल्या एका दुकानात मला तो ६,२०० रुपयांना मिळाला. अधिकृत विक्रेत्यांच्या किमतीपेक्षा हा भाव बराच कमी होता आणि मी त्याचे कारण विचारले. कस्टममधून सोडवलेला माल आहे, त्यात मधला दलाल नाही, असे उत्तर मिळाले. मी पक्के बिल मागितले. "ताई, पक्कं बिल हवं तर अठरा टक्के वर पडतील," असे दुकानदार म्हणाला आणि मी ते दिले. बिल संगणकावर छापलेले होते, त्यावर शिक्का होता, सही होती आणि २७ने सुरू होणारा जीएसटी क्रमांकही होता. खोके सीलबंद होते, आत चामड्यासारखी पिशवी होती आणि स्टँडला लावायची चिमटी होती. संशय यावा असे वरवर काहीही नव्हते.

घरी पहिल्याच दिवशी आवाज अतिशय क्षीण आला. इंटरफेसचा गेन, म्हणजे मायक्रोफोनचा आवाज वाढवणारी खुंटी, शेवटच्या टोकाला नेल्यावर गिटार कशीबशी ऐकू येत होती आणि तिच्यामागे सतत सळसळ होती. मी दुकानात परत गेले तेव्हा मला सांगण्यात आले की डायनॅमिक मायक्रोफोनला गेन जास्त लागतोच. यातले अक्षरही खोटे नव्हते. बोटांनी हळुवार वाजवलेल्या गिटारसाठी अस्सल एसएम५७लासुद्धा पन्नास-साठ डेसिबल गेन द्यावा लागतो आणि साध्या इंटरफेसची तेवढ्यात दमछाक होते. खोट्या मालावर खरी माहिती पांघरली की समोरचा माणूस निरुत्तर होतो, आणि या धंद्यातली ही लबाडी मला सर्वांत घातक वाटते.

त्यानंतर माझा रोख खोलीकडे वळवण्यात आला. भिंती उघड्या असतील, पंखा चालू असेल, मायक्रोफोन चुकीच्या जागी असेल, असे मला सुचवले गेले. मी कापसाच्या गाद्या भिंतीला उभ्या केल्या, कपाटावर गोधड्या टाकल्या आणि पंखा बंद करून घाम पुसत वाजवले. मायक्रोफोन आधी गिटारच्या भोकासमोर होता, तिथून तो काढून बाराव्या पट्टीसमोर, वीतभर अंतरावर, किंचित तिरपा धरला. हे सगळे उपाय मुळात योग्यच आहेत. गिटारच्या पोकळीतली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास घुमते, म्हणून भोकासमोर मायक्रोफोन ठेवला की आवाज ढबढबीत होतो. शिवाय एकाच दिशेने ऐकणारा मायक्रोफोन जितका जवळ आणावा तितका खर्ज फुगतो. त्यामुळे प्रत्येक उपायाने थोडा फरक पडत गेला, आणि थोडा फरक पडला की माणूस पुढचा उपाय शोधू लागतो. दिवस मात्र उलटत होते.

शेवटी दुकानदाराने मला क्षीण आवाज वाढवणारा, केबलच्या मध्ये जोडायचा छोटा प्रीअँप ४,५०० रुपयांना विकला. तो देताना म्हणाला, "ताई, जरा जोरात वाजवत जा, बायकांचा हात हलका असतो." त्या वाक्याचा मला आजही संताप येतो. इतक्या वर्षांचा माझा रियाज त्याने आपला खोटा माल झाकायला वापरला होता.

फसवणूक उघड झाली ती सदाशिव पेठेत राहणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीच्या घरी. ती नाटकांना संगीत देते आणि तिच्याकडे अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेला जुना एसएम५७ आहे. आम्ही प्रीअँप बाजूला ठेवला आणि दोन्ही मायक्रोफोन एकाच इंटरफेसवर, एकाच इनपुटला, गेनच्या खुंटीला हात न लावता आळीपाळीने जोडले. मोबाइलच्या स्पीकरवर एकसारखा खरखराट लावून तो स्टुलावर ठेवला आणि दोन्ही वेळा अंतर पट्टीने मोजून घेतले. माझा मायक्रोफोन मीटरवर जवळजवळ दहा डेसिबल खाली होता. मग मी तोच एक सूर दोन्हींवर वाजवला. तिच्या मायक्रोफोनवर नखाचा तारेवरचा आघात स्वच्छ कळत होता, तर माझ्यावर तो जाड पडद्याआडून आल्यासारखा होता. खोली तीच, हात तोच आणि गिटारही तीच होती.

तिने दोन्ही मायक्रोफोन स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवले. अस्सल एसएम५७चे वजन २८४ ग्रॅम असते आणि तिचा त्याच आकड्याला येऊन थांबला. माझा त्याहून चाळीसेक ग्रॅम हलका भरला. तिच्या मायक्रोफोनचे जाळीचे टोक बोटाने सहज फिरत होते, माझे घट्ट चिकटवलेले होते. एवढ्या एका खुणेवर मात्र कोणी विसंबू नये, कारण चांगल्या नकलेत हेही साधलेले असू शकते. मग आम्ही माझा मायक्रोफोन मधल्या आट्यांवर पिळून उघडला. एसएम५७च्या दांड्यात एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि तो डिंकात पक्का बसवलेला असतो. माझ्या मायक्रोफोनचा दांडा पोकळ होता. आवाज टिपणाऱ्या कॅप्सूलपासून दोन केसाएवढ्या बारीक तारा निघून थेट खालच्या पिनांपर्यंत गेल्या होत्या आणि एका पिनेवरचे सोल्डरिंग इतके कच्चे होते की तार बोट लागताच सुटून आली.

त्यानंतर मी कागद तपासले. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. त्यातले पहिले दोन आकडे राज्याचे, म्हणजे महाराष्ट्रासाठी २७, आणि पुढची दहा अक्षरे धंदा करणाऱ्याच्या पॅनची असतात. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर हा क्रमांक कोणालाही फुकट तपासता येतो. माझ्या बिलावरचा क्रमांक तिथे अवैध निघाला. याचा अर्थ, करापोटी म्हणून घेतलेली अठरा टक्के रक्कमही दुकानदाराच्याच खिशात गेली होती. खोक्यावर आयातदाराचे नाव आणि पत्ता कुठेही नव्हता. आयात केलेल्या वेष्टित मालावर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असणे २०११च्या वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहे. "कस्टममधून सोडवलेला" माल खरोखर रीतसर आला असता, तर हे लेबल त्यावर असायलाच हवे होते.

दुकानात परत गेल्यावर पहिले उत्तर मिळाले की हा पीस आमचा नाही, आणि दुसरे असे की विकलेला माल परत घेतला जात नाही. भिंतीवर तशी पाटीही होती. या पाटीला कोणी भिऊ नये. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत आणि नसेल तर तीस दिवसांत. गाद्या, गोधड्या आणि प्रीअँप यांच्यामागे माझा वेळ का घालवला गेला, हे हा तीस दिवसांचा आकडा वाचल्यावर मला उमगले. माझी मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते.

मी त्याच दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि दुकानाला रजिस्टर्ड पोस्टाने लेखी नोटीस पाठवली. दोन्ही मायक्रोफोनचे रेकॉर्डिंग, काट्यावरची छायाचित्रे आणि जीएसटी क्रमांकाच्या तपासणीचा स्क्रीनशॉट नोटिशीला जोडला. दाद लागली नसती तर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग होताच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क पडत नाही, वकील सक्तीचा नाही आणि दोन वर्षांपर्यंत दावा लावता येतो. नोटीस पोहोचल्यावर दुकानदाराचा फोन आला. मायक्रोफोनचे पैसे करासकट देतो, पण पीस खोक्यासकट परत हवा, असे त्याने सांगितले. तो पीस पुन्हा सील होऊन दुसऱ्या कोणाच्या घरी जाणार हे उघड असल्याने मी खोके द्यायला नकार दिला आणि पीस उघडलेल्या अवस्थेत, तार तुटलेलीच ठेवून, पोच घेऊन परत केला. मायक्रोफोनचे पैसे मिळाले. प्रीअँपचे अजून मिळालेले नाहीत आणि त्याची तक्रार चालू आहे.

ज्यांना कंडेन्सर घ्यायचा आहे, त्यांच्यासाठीही एक इशारा आहे. हजार-दीड हजारात मिळणाऱ्या, मोठ्या डोक्याच्या कित्येक "स्टुडिओ" मायक्रोफोनांमध्ये जाळीआड इवलीशी, स्वस्तातली कॅप्सूल बसवलेली असते. खोक्यावर ४८ व्होल्ट लिहिलेले असून सोबत संगणकाच्या साध्या हेडफोन-भोकात घालायची केबल दिली असेल, तर तिथेच सावध व्हावे. एटी२०२०सारखा खरा कंडेन्सर फँटम पॉवरशिवाय चालतच नाही. असा स्वस्त मायक्रोफोन बोलण्याच्या कामाला कदाचित चालून जाईल, पण गिटारच्या मंद सुरामागे त्याची स्वतःची सळसळ ऐकू येते.

मी आता अधिकृत विक्रेत्याकडून एसएम५७ घेतला आहे. पैसे देण्याआधी दुकानातच उभी राहून मोबाइलवर जीएसटी क्रमांक तपासला आणि खोक्यावरचे आयातदाराचे लेबल वाचले. घरी आल्यावर भिंतीची एकही गादी हलवण्याआधी तो मैत्रिणीच्या मायक्रोफोनशेजारी ताडून पाहिला. पुण्यात ज्यांच्याकडे खात्रीचा, जुना एसएम५७ किंवा एटी२०२० आहे, त्यांनी ओळखीतल्या नवख्या वादकाने नवा मायक्रोफोन आणला की त्याला पहिल्याच आठवड्यात घरी बोलवावे आणि तुलनेसाठी तासभर द्यावा. माझ्या मैत्रिणीने तो तास मला दिला नसता, तर मी आजही गोधड्याच टांगत बसले असते.