पायथॉनमधून दुसरा प्रोग्रॅम चालवायचा तर: ओएस.सिस्टीम, रन, पीओपन की असिंकआयओ?

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात माझी एक स्क्रिप्ट रोज रात्री चालते. परदेशातले खरेदीदार डिझाइन पीडीएफमध्ये पाठवतात. स्क्रिप्ट प्रत्येक पीडीएफचं चित्र करते, ते चित्र जॅकार्डला, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाला, लागतील तेवढ्याच रंगांवर आणते आणि शेवटी सगळा फोल्डर आरसिंक या फाइली नकलणाऱ्या प्रोग्रॅमने दुसऱ्या मशीनवर टाकते. यातलं एकही काम पायथॉन स्वतः करत नाही. वेगवेगळ्या प्रोग्रॅमना हाक मारायची, त्यांची वाट बघायची आणि ते काय सांगून गेले ते लिहून ठेवायचं, एवढंच तिचं काम. थोडक्यात, सगळं कसब चाइल्ड प्रोसेस, म्हणजे स्क्रिप्टने सुरू केलेले प्रोग्रॅम, सांभाळण्यात आहे.

ही स्क्रिप्ट मी तीनदा लिहिली. आधी ओएस.सिस्टीमवर, मग पायथॉनच्या सबप्रोसेस मॉड्यूलमधल्या रनवर, आणि आता तिचा एक भाग त्याच मॉड्यूलमधल्या पीओपनवर आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलाने परवा विचारलं, "दादा, चार-चार पद्धती आहेत, त्यातली मी कुठली धरू?" त्याला जे तोंडी सांगितलं तेच इथे सविस्तर मांडतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. 'प्रोग्रॅम सुरू कसा करायचा' यावरून निवड करू नका. सुरू तर सगळ्यांनी होतो, एका ओळीत होतो. अडकलेला प्रोग्रॅम तुम्हाला थांबवता येईल का, आणि थांबवला तर तो पुरता थांबेल का, हे बघून निवडा.

मध्ये शेल हवं की नको

ओएस.सिस्टीमला तुम्ही एक अख्खी ओळ देता. ती ओळ आधी शेलकडे, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडे, जाते, शेल तिचा अर्थ लावतं आणि मग प्रोग्रॅम चालतो. सबप्रोसेसच्या रनला किंवा पीओपनला यादी दिली, म्हणजे पहिला घटक प्रोग्रॅमचं नाव आणि पुढचे घटक त्याचे अर्ग्युमेंट, तर मध्ये शेल येतच नाही. यादीतला प्रत्येक तुकडा जसाच्या तसा प्रोग्रॅमच्या हातात पडतो.

हा फरक मला एका फाइलच्या नावाने शिकवला. खरेदीदाराने पाठवलेल्या पीडीएफचं नाव होतं 'बाथ & हँड सेट'. शेलच्या भाषेत & म्हणजे 'इथपर्यंतचं काम मागे चालू ठेव आणि पुढची ओळ घे'. त्यामुळे चित्र करणाऱ्या प्रोग्रॅमला 'बाथ' एवढंच नाव मिळालं, आणि उरलेला 'हँड सेट' शेलने नवी कमांड म्हणून चालवून बघितला. ओएस.सिस्टीमने परत काय दिलं? ३२५१२. हा आकडा बघून मी बराच वेळ गोंधळलो. २५६ ने भागल्यावर १२७ आले, आणि १२७ म्हणजे 'अशी कमांड सापडली नाही'.

इथे नुसती फाइल उघडली नाही. पण नाव बाहेरून येतं, ईमेलमधून येतं. त्यात अर्धविराम आणि त्यापुढे फाइली पुसणारी कमांड असती तर शेलने तीही इमानेइतबारे चालवली असती. नावाभोवती अवतरणचिन्ह घातलं की झालं, असं पुष्कळांना वाटतं, पण नावातच अवतरणचिन्ह आलं की ते कवच फुटतं. शेल वापरणं भागच असेल तर शेलेक्स.कोट आहे, ते नाव नीट बांधून देतं. यादी मात्र त्याहून साधी आणि भक्कम. यादीतही एक फट राहते: नाव वजाच्या चिन्हाने सुरू झालं तर प्रोग्रॅम त्याला ऑप्शन समजतो. म्हणून मी नावाआधी नेहमी फोल्डरचा पूर्ण पत्ता जोडतो.

कमांड तुम्हीच लिहिलेली आहे आणि तिच्यात बाहेरचा एकही शब्द येत नाही, तर रनला किंवा पीओपनला शेल=ट्रू लावायला, म्हणजे मध्ये शेल घ्यायला, हरकत नाही. विंडोजवर तर डीआयआर, कॉपी यांसारख्या कमांड सीएमडीच्या पोटातच असतात, तिथे त्यावाचून गत्यंतर नाही.

प्रोग्रॅम काय सांगून गेला

प्रत्येक प्रोग्रॅम संपताना एक आकडा देतो. ० म्हणजे काम झालं, बाकी काहीही म्हणजे काहीतरी बिनसलं. लिनक्सवर ओएस.सिस्टीम हा आकडा सरळ देत नाही, २५६ ने गुणलेल्या रूपात देते. मी सुरुवातीला स्क्रिप्टच्या शेवटी तोच आकडा सिस.एक्झिटला देऊन टाकला होता. आत १ आला तर बाहेर २५६ जातात, आणि एक्झिट कोडला जागा एकाच बाइटची, त्यामुळे २५६ चा होतो ०. काम फसलं, आणि स्क्रिप्टने क्रॉनला, म्हणजे ठरल्या वेळी तिला सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला, सांगितलं की सगळं ठीक आहे. ही चूक मी महिनोन्महिने सांभाळली होती.

रनमध्ये रिटर्नकोड सरळ मिळतो. सिग्नलने, म्हणजे बाहेरून आलेल्या थांबण्याच्या निरोपाने, मेलेल्या प्रोसेसचा आकडा उणे येतो: -९ म्हणजे जबरदस्तीने मारली, -१५ म्हणजे सांगून थांबवली. शेलमधून बघाल तर तेच १३७ आणि १४३ दिसतील, कारण शेल १२८ मिळवतं. आणि रनला चेक=ट्रू दिलं की ० सोडून काहीही आलं तर एक्सेप्शन उठतं, स्क्रिप्ट जागच्या जागी थांबते.

मागावर काम केलेल्याला हे लगेच कळेल. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर एक पातळ ड्रॉप पिन टांगलेली असते. धागा तुटला की पिन खाली पडते, विजेचं सर्किट जुळतं आणि माग आपोआप थांबतो. ती पिन नसती तर माग धडधडत राहिला असता आणि तुटलेल्या धाग्याची रेघ सकाळी तपासणीच्या टेबलावर दिसली असती. चेक=ट्रू ही माझ्या लेखी ती पिन आहे. ओएस.सिस्टीममध्ये ती तुम्हाला स्वतः बसवावी लागते, आणि बसवायची राहून जाते.

आउटपुट आणि भरलेला पाइप

प्रोग्रॅमने छापलेला मजकूर हवा असेल तर ओएस.सिस्टीम बाद. ती तो तुमच्या हातात देतच नाही. पायथॉन ३.७ पासून रनला कॅप्चर_आउटपुट=ट्रू आणि टेक्स्ट=ट्रू दिलं की मजकूर स्ट्रिंग म्हणून मिळतो. बहुतेकांचं काम इथेच भागतं.

पीओपनमध्ये मात्र एक सापळा आहे. एसटीडीआउटला, म्हणजे प्रोग्रॅमचं आउटपुट बाहेर पडतं त्या तोंडाला, पाइप जोडायचा आणि मग वेट म्हणून थांबायचं, हे वाचायला बरोबर वाटतं. पण लिनक्सवर पाइपमध्ये सहसा ६४ केबी मावतात. प्रोग्रॅमने त्याहून जास्त छापलं की तो लिहिता लिहिता थबकतो, कोणीतरी वाचून जागा करील म्हणून. तुम्ही तो संपण्याची वाट बघताय, तो तुम्ही वाचण्याची. सीपीयू ० टक्के, एररही नाही. छोट्या डिझाइनला सगळं सुरळीत चालतं, आणि एखादं मोठं, इशाऱ्यांचा पाऊस पाडणारं डिझाइन आलं की अडकतं, म्हणून कारण लवकर सापडत नाही. वेटच्या जागी कम्युनिकेट वापरा, ते दोन्ही पाइप सतत उपसत राहतं. आउटपुट फार मोठं असेल तर ते मेमरीत घेऊच नका, उघडलेली फाइलच एसटीडीआउट म्हणून द्या.

चालू असताना ओळ न् ओळ बघायची असेल तर पीओपनच लागतो. तरी ओळी उशिरा आणि गठ्ठ्याने येतील, कारण समोर टर्मिनल नाही हे कळलं की बरेच प्रोग्रॅम मजकूर साठवून मग सोडतात. चाइल्ड पायथॉनच असेल तर त्याला -यू द्या. पासवर्ड विचारणाऱ्या, टर्मिनलशिवाय न बोलणाऱ्या प्रोग्रॅमसाठी पीएक्स्पेक्ट आहे, तो खोटं टर्मिनल उभं करतो.

थांबवायचं कसं

एका रात्री एक बिघडलेली पीडीएफ आली. चित्र करणारा प्रोग्रॅम तिच्यावर अडकला तो अडकलाच. तेव्हा सगळं ओएस.सिस्टीमवर होतं आणि तिला टाइमआउट नाहीच. सकाळी डिझाइन विभागातल्या ताई मशीन उघडून बसल्या, तर रात्रीच्या रांगेतली तिसरी फाइल चालूच आणि तिच्यामागे सगळ्या ताटकळत. त्या दिवशी पंच कार्ड काढणाऱ्यांचा अर्धा दिवस गेला. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण दोष पीडीएफचा असला तरी खोळंबा माझ्या स्क्रिप्टने केला होता.

मी घाईघाईने कंट्रोल-सी दाबलं, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. ओएस.सिस्टीम चालू असताना पायथॉन स्वतः तो सिग्नल कानाआड करतं. त्यामुळे अडकलेला प्रोग्रॅम मेला आणि लूप शांतपणे पुढच्या फाइलवर गेला. सगळी रांग थांबवायची तर जितक्या फाइली तितक्या वेळा कंट्रोल-सी.

मग रनवर आलो, टाइमआउट=१२० दिला. दोन मिनिटं झाली की रन चाइल्डला मारतो आणि एक्सेप्शन उठवतो. वाटलं, संपलं. पण दोन प्रोग्रॅम पाइपने जोडायचे म्हणून मी तिथे शेल=ट्रू ठेवलं होतं. टाइमआउटने मेलं ते शेल. शेलने सुरू केलेले दोन प्रोग्रॅम, म्हणजे माझी नातवंडं म्हणा, जिवंतच राहिले. आठवड्याभराने मशीन रेंगाळायला लागलं म्हणून चालू प्रोसेसची यादी देणारी पीएस कमांड लावून बघितलं, तर पालकाच्या रकान्यात १ असलेल्या प्रोसेसची ओळ लागलेली. बाप मेलेल्या प्रोसेसना १ नंबरची प्रोसेस दत्तक घेते, पण त्यांना थांबवत नाही.

इथे पीओपनचं मोल कळतं. स्टार्ट_न्यू_सेशन=ट्रू देऊन चाइल्ड सुरू केली की तिचा स्वतंत्र गट होतो, आणि तिची पोरंबाळं त्याच गटात येतात. वेळ संपली की ओएस.किलपीजीने अख्ख्या गटाला आधी सिगटर्म (थांबायला सांगणारा सिग्नल) पाठवायचा, दहा सेकंद थांबायचं, तरी उरलंच तर सिगकिल (जबरदस्तीने मारणारा). सिगटर्म ऐकून प्रोग्रॅमला तात्पुरत्या फाइली आवरता येतात. रनच्या टाइमआउटमध्ये लिनक्सवर थेट सिगकिल जातो, आवरायला सवड मिळत नाही.

यानंतर वेट विसरू नका. मेलेल्या चाइल्डचा आकडा पालकाने उचलला नाही तर तिची नोंद झोंबी म्हणून यादीत पडून राहते, पीएसमध्ये डिफंक्ट दिसते. आणि स्वतंत्र सेशनमुळे टर्मिनलवरचं कंट्रोल-सी आता चाइल्डपर्यंत पोचत नाही, म्हणून गट मारण्याची ओळ फायनलीमध्ये, म्हणजे काहीही झालं तरी चालणाऱ्या भागात, ठेवा.

मध्येच मारलेला प्रोग्रॅम अर्धवट फाइल मागे ठेवतो हेही ध्यानात असू द्या. मी चित्र आधी तात्पुरत्या नावाने बनवतो आणि आकडा ० आला तरच ओएस.रिप्लेसने खरं नाव देतो. अर्धं चित्र पूर्ण समजून जॅकार्डपर्यंत गेलं तर नासाडी सुताची होते.

एकदम अनेक

चार-आठ प्रोग्रॅम एकाच वेळी चालवायचे असतील तर थ्रेडपूलएक्झिक्युटर घ्या आणि प्रत्येक थ्रेडमधून रन बोलवा. चाइल्डची वाट बघणारा थ्रेड जीआयएल, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला पायथॉन चालवू देणारं कुलूप, अडवून धरत नाही, त्यामुळे इथे मल्टिप्रोसेसिंग लागत नाही. मल्टिप्रोसेसिंग पायथॉनचंच फंक्शन दुसऱ्या प्रोसेसमध्ये पळवायला आहे, बाहेरच्या प्रोग्रॅमसाठी नाही. हे दोन पुष्कळजण एकात एक मिसळतात.

असिंकआयओ, म्हणजे एकाच थ्रेडमध्ये अनेक कामांची वाट बघू देणारं पायथॉनचं मॉड्यूल, तेव्हा घ्या, जेव्हा शेकडो प्रोसेसचं आउटपुट एकाच वेळी ओळीओळीने वाचायचं असेल, किंवा बाकीचा प्रोग्रॅम आधीपासून असिंकमध्येच असेल. तिथे वेट_फॉरचा टाइमआउट संपला तर फक्त तुमचं वाट बघणं संपतं. चाइल्ड चालूच राहते, ती वेगळी मारावी लागते.

दुसऱ्या भाषा

वीस-पंचवीस ओळींचं काम असेल तर बॅशच बरं. टाइमआउट ही कमांड आहे, सेट -ओ पाइपफेल लावलं की पाइपमधलं अपयश लपत नाही. पर्लमध्ये सिस्टीमला यादी द्या आणि आकडा ८ बिट उजवीकडे सरकवून वाचा. नोडमध्ये एक्झेक शेलमधून जातं आणि त्याच्या आउटपुटला मूळची मर्यादा १ एमबीची आहे. एक्झेकफाइल शेल टाळतं, स्पॉन आउटपुट वाहतं ठेवतं.

तर काय घ्यावं

पायथॉनमध्ये नवीन लिहीत असाल तर ओएस.सिस्टीम घेऊ नका. सबप्रोसेस २००४ साली पायथॉन २.४ बरोबर आलं तेच असल्या जुन्या पद्धतींची जागा घ्यायला, आणि २०१५ मध्ये ३.५ ने रन दिल्यावर तर सोयीची सबबही उरली नाही. एक प्रोग्रॅम, एक उत्तर, ठरावीक वेळ असेल तर रन: यादी, चेक=ट्रू, टाइमआउट, तिन्ही पहिल्या दिवसापासून. प्रोग्रॅम स्वतः आणखी प्रोग्रॅम जन्माला घालत असेल, किंवा चालू असताना त्याच्याशी बोलायचं असेल, तर पीओपन आणि स्वतंत्र सेशन.

कारखान्यात सध्या आरसिंक साध्या रनवर आहे. पीडीएफची चित्रं पीओपनवर, गटासकट मारता येतील अशी, थ्रेडपूलमध्ये एकावेळी तीन, कारण मशीनला कोअर चार आहेत आणि एक मी रात्रपाळीच्या साहेबांच्या कामासाठी मोकळा ठेवतो. अडकलेल्या पीडीएफची नावं वेगळ्या फाइलीत जातात, सकाळी ताई ती यादी आधी उघडतात आणि तेवढ्याच फाइली खरेदीदाराकडून पुन्हा मागवतात.