सीपॅपचे पार्ट घ्यायचेत? जुना मास्क पिशवीत टाका आणि मगच जा

आमच्या ह्यांना सीपॅप (झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) लागून तीन वर्षं झाली, मशीन रेसमेडचं एअरसेन्स 10. गेल्या महिन्यात घोरणं परत सुरू झालं, वर मास्कच्या कडेने फुस्स फुस्स हवा, ती सगळी माझ्या तोंडावर. हे काय करायचे तर पट्टे अजून आवळायचे, सकाळी नाकावर लाल वळ. मशीन जिथून घेतलं त्यांना फोन केला तर न बघताच म्हणे मास्क, ट्यूब, चेंबर (हवा दमट करणारी पाण्याची डबी) सगळं बदला, सेट पाठवतो.

म्हणून टिळक रोडच्या आतल्या गल्लीतल्या या सर्जिकलवाल्यांकडे गेले (गाडी लावताना सम-विषम तारीख बघा, मी दंड भरून आलेय). काकांनी पहिलं विचारलं, जुना मास्क आणलाय का? कुशन, म्हणजे मास्कची चेहऱ्याला टेकणारी गादी, बोटाने दाबून बघितलं, सिलिकॉन पिवळट आणि लिबलिबीत झालेलं, चेहऱ्याच्या तेलाने होतं म्हणाले, रोज कोमट पाणी आणि सौम्य साबण, स्पिरिट लावायचं नाही. "फक्त कुशन घ्या वहिनी, फ्रेम ठणठणीत आहे." मी हेडगिअर (डोक्याचे पट्टे) पण नवीन काढा म्हटलं तर पट्टा ताणून दाखवला, अजून चालेल! ट्यूब घरी बादलीत बुडवून बुडबुडे येतात का बघा म्हणाले, नाही आले.

मी नेटवर वाचून गेले होते की कुशन महिन्याला, ट्यूब तीन महिन्यांनी, हेडगिअर आणि चेंबर सहा महिन्यांनी बदलायचं. काका म्हणाले ते अमेरिकेतल्या मेडिकेअरचं, म्हणजे सरकारी विम्याचं गणित, तितक्या दिवसांनी तिकडे विमा नवीन देतो, जुनं त्या दिवशी मरतं असं नाही. त्यापेक्षा सकाळी मशीनच्या स्क्रीनवर मास्क सील बघा, मिनिटाला 24 लिटरच्या आत गळती असली की हसरा चेहरा येतो. आमच्याकडे आठवडाभर रडकाच होता आणि आम्ही बघितलंच नव्हतं.

फिल्टरवरून मात्र ओरडा खाल्ला. कागदी फिल्टर आम्ही धुऊन, वाळवून परत लावत होतो! तो धुवायचा नसतो, आणि धायरीत चारी बाजूंनी बांधकामं चालू म्हटल्यावर पंधरा दिवसांनी टाकायचाच. चेंबरमधला पांढरा थर टँकरच्या पाण्याचा, व्हिनेगर घातलेल्या पाण्यात ठेवल्यावर बराच निघाला, आता डिस्टिल्डच आणतो. तडा गेला असता तर बदलावंच लागलं असतं.

कुशन आणि फिल्टरचं पाकीट, एवढंच बिल झालं. चार स्टार. एक कापला कारण फोन उचलत नाहीत, मीडियम कुशन संपलेलं होतं म्हणून मला धायरीहून दोन चकरा पडल्या, आणि उघडलेलं पाकीट परत घेत नाहीत, तेव्हा साइझ तिथेच नीट बघून घ्या.