आयपॉड क्लासिक की नॅनो? माझा कौल क्लासिकला
बाबांच्या कॅसेटींवरून उतरवलेलं शास्त्रीय गाणं ठेवायला सेकंडहँड आयपॉड (अ‍ॅपलचा खिशात मावणारा म्युझिक प्लेअर) हवा होता; नवे बनणं 2022 मध्येच बंद झालंय. मैत्रिणीकडचे दोन्ही आठवडाभर वापरले. सातव्या पिढीचा नॅनो 31 ग्रॅमचा, खिशात असल्याचं कळतही नाही. ब्लूटूथ आहे, एफएमही. पण जागा 16 जीबी, त्यात बाबांचा खजिना कुठे मावायला! क्लासिक हाताला चांगलाच जड, पण 160 जीबीचा. आणि ते चाक! अंगठा फिरवला की टिकटिक करत यादी सरकते. पोळ्या लाटताना न बघता उजवीकडे दाबलं, की पुढची बंदिश सुरू. रात्री कानाशी धरला तर आतली, गाणी साठवणारी डिस्क फिरल्याची बारीक घरघर येते, मला ती फार आवडते. क्लासिकच घेतला. तुम्ही घेताना चाक चारी बाजूंनी दाबून आणि हेडफोन लावून बघाच.