ओएसटी केंद्र, ठाणे: काम चोख, वेळ गैरसोयीची

कळव्याहून धाकट्याला रोज इथे, नशेऐवजी देखरेखीखाली औषध देणाऱ्या (ओएसटी) केंद्रात आणते. ब्राऊन शुगरची, म्हणजे भेसळीच्या हेरॉइनची, सवय जुनी. नर्सताई ब्युप्रेनॉर्फिनची (हेरॉइनच्याच जातीचं, पण तलफ आवरणारं औषध) गोळी चुरून जिभेखाली ठेवायला देतात आणि विरघळेपर्यंत समोरच बसवतात. घरी न्यायला मागितली, तर सरळ नकार. मला ते पटतं, त्याला अजिबात नाही! नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) योजनेतलं केंद्र, म्हणून खर्च शून्य. अंग मोडून येणं, नाक गळणं थांबलं; पठ्ठ्या पुन्हा भाजीच्या गाडीवर उभा राहतो.

मामा म्हणाले, "नशेवर नशाच देतात की!" म्हटलं, स्वित्झर्लंडमध्ये १९९४पासून, इतर उपचार लागू न पडलेल्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली चक्क हेरॉइन देतात. इथे निदान गोळी आहे. मामा गप्प.

वेळ मात्र कामावर जाणाऱ्यांना अडचणीची. समुपदेशक रजेवर गेले की बदली कुणीच नसतं.