पहिल्या मोठ्या बोर्डनंतर कोणता विंग फॉइल बोर्ड घ्यावा: आखूड, मिडलेंग्थ, डाउनविंड की हवेने फुगवायचा?

विंग फॉइलमध्ये हातात हवा भरलेली विंग धरतात, आणि बोर्डखाली मास्ट नावाच्या दांड्याला लावलेला पाण्यातला पंख, म्हणजे फॉइल, वेग आला की बोर्डला पाण्यावर उचलतो. ११०-१३० लिटरच्या बोर्डवर शिकून झालं, दोन्ही बाजूंना फॉइलवर राहता येतं, अपविंड (वाऱ्याच्या उगमाकडे) चढत सुटल्या जागी परत येता येतं, की लहान बोर्डचे वेध लागतात. दुकानात पहिला प्रश्न वजनाचा येतो आणि उत्तरादाखल लिटरचा एक आकडा हातात पडतो. तो आकडा लागतोच, पण तेवढ्यावर पैसे टाकू नका. आमचं मत आधीच सांगतो: ज्यांचा वारा बहुतेक दिवस १० ते १६ नॉट्सचा (ताशी साधारण १८ ते ३० किलोमीटर) आहे, त्यांनी दुसरा बोर्ड मिडलेंग्थ, म्हणजे मधल्या लांबीचा आणि अरुंद, घ्यावा, स्वतःच्या वजनापेक्षा ५ ते १० लिटर जास्त. आखूड आणि वजनाहून कमी लिटरचा बोर्ड हा तिसरा बोर्ड आहे.

लिटरचा हिशेब

एक लिटर आकारमान समुद्राच्या पाण्यात साधारण १.०२५ किलो उचलतं. ७५ किलोचा माणूस धरा. बोर्ड ६ किलो, मास्टसकट फॉइल साडेचार किलो, ओले कपडे, हेल्मेट, हार्नेस मिळून ३ किलो. एकूण ९० किलोच्या आसपास. विंग वाऱ्यात धरली की स्वतःचं वजन स्वतःच उचलते, म्हणून ती यात धरलेली नाही. ८० लिटरचा बोर्ड ८२ किलो उचलणार, म्हणजे ७-८ किलोची तूट. ती तूट तुमचे पाण्यात बुडालेले पाय भरून काढतात: गुडघ्यांवर बसलात तर बोर्ड पृष्ठभागाच्या खाली जातो आणि पोटऱ्या बुडाल्या की थांबतो. ‘वजनाएवढे लिटर’ असलेला बोर्ड तरंगतो हा समज इथेच मोडतो. उभं राहायला लागलात की तो आणखी खाली जातो, आणि डोलतो.

वजनापेक्षा १०-१५ लिटर जास्त असेल तर वारा पडल्यावरही त्यावर गुडघे टेकून, विंग डोक्यावर धरून हळूहळू किनारा गाठता येतो. वजनाएवढ्या लिटरवर हे लाटा नसतील तरच जमतं. वजनाहून १५-२० लिटर कमी असेल तर वारा गेला की पर्याय एकच: विंग पालथी करून बोर्डवर घ्यायची, तिच्यावर पोटावर झोपायचं आणि हातांनी वल्हवत यायचं. पाऊण किलोमीटर असं वल्हवायला लागलं की खांदे बोलायला लागतात.

म्हणून आपल्या जागेचा वारा आधी बघा. गोव्यात आश्वे-मोरजीला उन्हाळ्याकडे दुपारी वायव्येचा वारा उठतो, बराच वेळ १०-१५ नॉट्सवर रेंगाळतो आणि संध्याकाळी मावळतो. तिथे उशिरा पाण्यात असणाऱ्याला परतीचे लिटर हवेतच. शिवाय किनाऱ्याला रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लागलेली असली की बाहेरून वळसा घालून यावं लागतं, म्हणजे अंतर वाढतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात राहणाऱ्या मराठी मंडळींचं गणित वेगळं: उन्हाळी दुपारी फॉस्टर सिटीच्या थर्ड अॅव्हेन्यूला २० नॉट्स ही नेहमीची गोष्ट, तिथे लहान बोर्ड लवकर चालतो. पण क्रिसी फील्डला ओहोटीचा प्रवाह गोल्डन गेटमधून बाहेर ओढतो. पुलाजवळ वारा पडला आणि पायाखाली बुडणारा बोर्ड असला, तर परिस्थिती गंभीर होते. तिथे भरती-ओहोटीचं कोष्टक पाहिल्याशिवाय वजनाहून कमी लिटरचा बोर्ड पाण्यात नेऊ नये.

रुंदी आणि लांबी

एकाच कंपनीच्या दोन ८५ लिटरच्या बोर्डांमध्ये एक ५ फूट लांब आणि २५ इंच रुंद असतो, दुसरा ६ फूट लांब आणि २०-२१ इंच रुंद. आकडा एक, वागणूक पूर्णपणे वेगळी.

डाव्या-उजव्या बाजूला कलंडणं रुंदी थांबवते. पुढे-मागे डुलणं लांबी थांबवते. पाण्यातून सुटायला लागणारा वेग किती सहज मिळतो हे मात्र मुख्यतः लांबी आणि अरुंदपणा ठरवतात: लांब अरुंद तळ पाणी कमी ढकलतो, कमी जोरात वेग घेतो, आणि फॉइलला उचलायला लागणारा वेग लवकर मिळतो. आखूड रुंद बोर्ड पुढे पाण्याचा ढीग लोटत राहतो. त्याला सोडवायला मोठी विंग लागते, नाहीतर जोरदार पंपिंग, म्हणजे विंग आणि पायांनी लयीत जोर देणं.

चार प्रकार, चार निकाल

*आखूड-रुंद, ४ फूट ८ इंच ते ५ फूट २ इंच.* २०१९ च्या सुमाराला विंग बाजारात आल्या तेव्हापासूनचा हा ओळखीचा साचा. फॉइलवर गेल्यावर याच्यासारखी मजा नाही. नाक हलकं असल्यामुळे बोर्ड पायासरशी वळतो, उड्या आणि लाटांवरच्या वळणांना हाच बरा. विमानातही बॅग सोपी पडते. उणीव सुटण्यात. १८ नॉट्सच्या वर काहीच वाटत नाही, १३ नॉट्सला मात्र हाच बोर्ड तुम्हाला एक विंग मोठी घ्यायला लावतो. जोरदार वाऱ्याच्या जागी राहत असाल आणि पुढे फ्रीस्टाइलकडे जायचं असेल तर दुसरा बोर्ड म्हणून चालेल, पण वजन अधिक १० लिटरच्या खाली उतरू नका.

*मिडलेंग्थ, ५ फूट ८ इंच ते ६ फूट ४ इंच, रुंदी १९ ते २२ इंच.* आर्मस्ट्राँगने तर मॉडेलचं नावच ‘मिडलेंग्थ’ ठेवलं, आता बहुतेक कंपन्यांकडे या घाटाचा बोर्ड आहे. शिकाऊ बोर्डवरून येणाऱ्याला पहिले काही तास हा अरुंद वाटतो. गुडघे मधल्या रेषेवरून दोन बोटं जरी सरकले तरी कलंडतो. ते अंगवळणी पडलं की फायदा रोज दिसतो: जिथे आखूड बोर्डवाला ६ चौरस मीटरची विंग घेऊन पंप करत बसलाय, तिथे हा ५ चौरस मीटरवर निघून जातो. टचडाऊन झालं, म्हणजे फॉइलवरून बोर्ड पाण्याला टेकला, तर लांब नाक पाण्यावर घसरतं, रुतत नाही. तोटे खरे आहेत: फॉइलवर नाकाचं वजन जाणवतं, घट्ट वळण घेताना बोर्ड किंचित उशिरा फिरतो, आणि ६ फुटांची बॅग विमानात न्यायची तर आधी विचारून घ्यावं लागतं. तरीही या टप्प्यासाठी आमची पसंती यालाच.

*डाउनविंड, ७ फुटांच्या वर, रुंदी १७ ते १९ इंच.* वाऱ्याबरोबर लांब जाण्यासाठीचा, अगदी मंद वाऱ्यात सुटणारा. पण जागेवर उभं राहण्याच्या बाबतीत या टप्प्यावर छळणारा आणि वाहून नेताना किनाऱ्यावरच्या वाऱ्यात गिरक्या घेणारा. दुसरा बोर्ड म्हणून नको.

*हवेने फुगवायचा लहान बोर्ड.* प्रवासाला सोय आहे, पण मास्टची प्लेट ज्यावर बसते तो भाग कडक नसेल तर पंपिंगचा जोर फॉइलपर्यंत पोचतच नाही. तळाला कार्बनची किंवा इतर कडक प्लेट असलेलाच बघा. घरी ठेवायला जागा असेल तर कडक बोर्डच घ्या.

बोर्ड उलटा करून बघा

चित्रकामापेक्षा तळ महत्त्वाचा. कडा खालून तिरक्या कापलेल्या असाव्यात. वळताना कड पाण्याला लागली तर अशी कड निसटते, चौकोनी कड अडकून तुम्हाला फेकून देते. शेपटी थोडी वर उचललेली हवी, नाहीतर नाक वर करून सुटताना शेपूट पाण्यात घासते आणि वेग मरतो. जाडी फार नको. १३-१४ सेंटिमीटर जाड बोर्डच्या डेकवर (वरच्या पृष्ठभागावर) पाय फॉइलपासून लांब जातात आणि प्रत्येक हालचाल उशिरा उतरते. काही बोर्डांचा डेक मधे खोलगट असतो, तो चांगला: पाय खाली येतात आणि अंधारातही मध्यरेषा सापडते.

फॉइल बॉक्सच्या (तळाला मास्ट जिथे बसतो त्या जागेच्या) दोन पट्ट्यांमधलं अंतर ९० मिलिमीटर असतं, त्यामुळे मास्टची प्लेट बहुधा बसतेच. प्रश्न पट्ट्या किती पुढे आहेत याचा. तुमचं फॉइल जुन्या बोर्डवर पट्टीच्या टोकाला लावावं लागत असेल, तर नव्या बोर्डवर ते हवं तिथे पोचेल का हे विकत घेण्यापूर्वीच प्लेट ठेवून मोजा.

नव्या बोर्डवर पहिले दिवस

बोर्ड आणि फॉइल एकदम लहान करू नका. १५०० ते १८०० चौरस सेंटिमीटरचा फ्रंट विंग (फॉइलचा पाण्यातला पुढचा पंख) ज्यावर शिकलात, तोच नव्या बोर्डवर ठेवा. बोर्ड अंगात बसला की मग १२०० कडे या. दोन्ही एकदम बदललं की सुटायला जास्त वेग लागतो आणि तो वेग देणारा तळही अनोळखी. मग दोष कुणाचा हे कळत नाही.

मास्ट पट्टीच्या मध्यावर लावा. फॉइलवर पुढचा पाय सतत दाबून नाक खाली ठेवावं लागत असेल तर मास्ट मागे घ्या. मागचा पाय दाबल्याशिवाय उचलतच नसेल तर पुढे. एका वेळी १ सेंटिमीटर, त्याहून जास्त नाही. पायांची जागाही त्याबरोबर बदलते, म्हणून डेकवर टेपची एक पट्टी लावून खूण करा.

सुरुवात अशी. बोर्ड वाऱ्याला आडवा, विंग वाऱ्याखालच्या बाजूला. हँडलच्या थोडं मागे दोन्ही गुडघे मध्यरेषेवर ठेवा आणि बोर्ड बुडू द्या, तो वर आणायची धडपड करू नका. विंग डोक्यावर घेतली की ती तुमचं वजन उचलायला लागते आणि बोर्ड आपोआप वर येतो. थोडं डाउनविंडकडे वळून वेग घ्या. मग पुढचं पाऊल छातीखाली ठेवा, मागचं पाऊल मास्टच्या वर, आणि उभं राहताना नजर क्षितिजावर. नाक बुडत असेल तर गुडघे जास्त पुढे आहेत. बोर्ड अपविंड वळून थांबत असेल तर विंग फार मागे खेचली जातेय, हात पुढे करा. उभं राहण्याच्या क्षणी विंगमधला जोर सुटला की बोर्ड झपकन खाली जातो. या टप्प्यावर सगळ्यात जास्त पडणं याचमुळे होतं, कारण मोठ्या बोर्डने ही चूक आजवर झाकलेली असते.

मास्ट फार लांब असण्याची गरज नाही. ७५ ते ८५ सेंटिमीटर पुरतो, आणि ओहोटीच्या उथळ पाण्यात ७५ चाच बरा. लीश (बोर्डला तुमच्याशी जोडणारी दोरी) कमरेला बांधा. पायाला बांधलेला लीश आखूड बोर्डवर पाय बदलताना मधे येतो.

वापरलेला घेताना

नव्या कार्बन बोर्डची युरोपातली किंमत साधारण हजार ते दोन हजार युरो. भारतात वाहतूक आणि जकात वर. त्यामुळे वापरलेले बोर्ड बघितले जातात, आणि बघायलाच हवेत. मागच्या पायाच्या जागी अंगठ्याने दाबा. तिथे मऊ लागलं तर डेक सुटत चाललाय. फॉइल बॉक्सच्या चारही कोपऱ्यांवरून नख फिरवा. केसाएवढी चीर असली तरी तिथून पाणी आत जातं. बोर्ड वजन काट्यावर ठेवा आणि कंपनीच्या आकड्याशी ताडा. किलोभर जास्त भरला तर दुरुस्तीचं सारण आणि आत मुरलेलं पाणी, दोन्हींची शक्यता धरा. तासभर उन्हात ठेवून पुन्हा बघा: फुगवटा उठला किंवा चिरेतून थेंब आला तर पैसे खिशात ठेवा.

टी-नट (पट्टीत सरकणारे नट) आणि स्क्रू स्वतःचे नवे घ्या, बहुतेक ठिकाणी ८ मिलिमीटरचे लागतात. स्क्रू गरजेपेक्षा लांब असला तर बॉक्सचा तळ फोडतो, हे बाहेरून दिसत नाही. खाऱ्या पाण्यात स्टीलच्या स्क्रूला लागून असलेला अॅल्युमिनियमचा मास्ट खाल्ला जातो, म्हणून आट्यांना टेफ-जेल (गंज रोखणारं मलम) लावा आणि फॉइल रोज काढून गोड्या पाण्याने धुवा.

आणि व्हेंट स्क्रू, म्हणजे बोर्डच्या आतली हवा बाहेर सोडणारा स्क्रू. आपल्याकडच्या उन्हात बंद गाडीत ठेवलेला काळा कार्बन बोर्ड आतल्या हवेने फुगतो. व्हेंट आपोआप चालणारा नसेल तर गाडीत आणि विमानात तो सैल करा, आणि पाण्यात उतरण्यापूर्वी रबरी रिंग जागेवर आहे ना हे बघून हाताने घट्ट करा.